फौजदार: आगरातल्या राजहंसांच्या प्रकल्प नोंदी

८ ऑक्टोबर २०२३

प्रकल्प: आगराची राखण. ठिकाण: गुहागर तालुका, घरामागचं नारळी-पोफळीचं आगर. उद्दिष्ट: आपल्या माडाचा नारळ आपल्याच मागच्या दारी यावा.

रात्री पडलेला नारळ सकाळी सापडत नाही, ही तक्रार आमच्या वाडीत घरोघरी आहे आणि सगळे ती एकमेकांकडे करत असतात. नारळ कोण नेतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त प्रत्येकाला वेगवेगळं ठाऊक आहे. आता सुपारी उतरवायचे दिवस येतील, खळ्यात वाळवण पडेल, तेव्हा राखण हवीच.

दीर मुंबईहून फोनवर म्हणाले, "वहिनी, कॅमेरे बसवा." हे म्हणाले, कुत्रा आणू. आमच्या भागात कुत्रा म्हणजे बिबट्याचा डबा, तेव्हा तो विषय मिटला. तिसरा उपाय माझा: राजहंस. हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाईला प्रयोग करताना घरचे अडवत नाहीत. अडवून उपयोग नसतो.

चिपळूणच्या बाजूने एक नर, तीन माद्या आणल्या. वर्षाच्या आतबाहेरचे. रंग करडा-तपकिरी, चोचीच्या मुळाशी कपाळावर गाठ. ही चिनी जात. तिचे पूर्वज चीन-मंगोलियाकडचे रानहंस, तर युरोपातले पाळीव राजहंस कलहंस ह्या दुसऱ्या रानहंसापासून आले. नराची गाठ मोठी असते. विकणारा म्हणाला, "बाई, हे पाळले की साप फिरकत नाही." हे मी उद्दिष्टांत घेतलेलं नाही. न आलेला साप मोजायचा कसा?

१० ऑक्टोबर

टेम्पोतून उतरवलं तेव्हा चौघं एका कोपऱ्यात अंग चोरून उभे होते. हे म्हणाले, "ह्यांचीच राखण करावी लागणार." दुपारपर्यंत चौघांनी आगराची हद्द पायांखाली घातली आणि संध्याकाळी ह्यांना विहिरीवर जाऊ दिलं नाही.

नराचं बारसं गड्याने केलं. छाती पुढे, मान ताठ, पावलं सावकाश, आणि कोणी काही केलेलं नसताना चौकशी सुरू. "बाई, ह्यो फौजदार." नाव तिथल्या तिथे चिकटलं. माद्या म्हणजे मोठी, मधली आणि धाकटी. तिघी जावा असाव्यात इतक्या एकमेकींना धरून आणि एकमेकींवर डोळा ठेवून असतात.

आवाजाची नोंद: नराचा पातळ आणि चिरका, माद्यांचा जाड आणि घोगरा. पाटाच्या पलीकडून ऐकलं तर वाटतं, तीन बाप्ये शांतपणे बोलताहेत आणि एक बाई भांडतेय. प्रत्यक्षात भांडणारे ते एकटे फौजदार.

१९ ऑक्टोबर

हल्ल्याची पद्धत आता पक्की कळली.

मान उंच आहे तोवर चर्चेला वाव असतो. मान खाली येऊन जमिनीलगत सरळ झाली की चर्चा संपली. मग चोच उघडते, आतून फुस्स असा आवाज येतो. नागाचा म्हणून ह्यांनी त्या आवाजाला एकदा काठी घेतली होती. त्यानंतर पंख पसरून धाव. शेवटी चावा, आणि तो नुसता चावा नसतो, धरून पीळ असतो. चोचीला दात नाहीत, पण कडांना आणि जिभेला करवती काकर आहेत. गवत कातरायची सोय आहे ती. पोटरीलाही चालते. फार जवळ गेलं तर पंखाच्या सांध्याचं हाड बसतं, त्याचा वण आठवडाभर निळा राहतो.

पहिला गुन्हा दाखल: वायरमन. खांबावरची वायर सैल झाली होती, ती बघायला आला. शिडी पडवीला टेकवून बेडं, म्हणजे कुंपणाचं फाटक, ओलांडतो न ओलांडतो तोच फौजदार मान खाली घालून निघाले. शिडीवाचून खांबावर चढता येतं हे वायरमनला त्या दिवशी कळलं. वरून ओरडला, "बाई, आधी ह्याला बांधा, मग लाईट मागा." ह्याला बांधायचं कुठून? मान धरली तर पंख सुटतात आणि पंख धरले तर मान मोकळी असते. दोन्ही पंख अंगासकट काखेत दाबायचे आणि तोंड मागच्या दिशेला करून उचलायचं, ही खरी रीत. त्यात चोच आपल्या मागे जाते आणि तिथे तिला काय सापडायचं ते सापडतं.

५ नोव्हेंबर

आज पोस्टमनच्या निमित्ताने ह्या सगळ्या रागाचं मूळ हाती लागलं.

पोस्टमन येतो, फौजदार धावतात, पोस्टमन बेड्यावरून पाकीट फेकून सायकलला टांग मारतो. तो जाणारच असतो, पुढच्या वाडीचं टपाल असतं त्याच्या पिशवीत. पण फौजदारांच्या दृष्टीने शत्रू आला, आपण गेलो, शत्रू पळाला. मग ते वळतात, मान पुढे ताणून माद्यांकडे धावत जातात, आणि चौघं माना एकमेकांशेजारी घालून जो कल्ला करतात तो चांगला मिनिटभर चालतो.

ह्याला शास्त्रात नाव आहे. ओस्कार हाइनरोट ह्या जर्मन पक्षिशास्त्रज्ञाने १९११ मध्ये ह्या प्रकाराचं वर्णन करून त्याला विजयाचा जल्लोष म्हटलं. पुढे कोनराड लोरेन्झने कलहंसांचे थवेच्या थवे वाढवून तो बारकाईने अभ्यासला. १९७३ चं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यांतला हा एक. त्याचं सांगणं असं की, हंसांचं कुटुंब ह्या जल्लोषाने बांधलेलं असतं. बाहेरच्याशी भांडून आलेला नर घरी येऊन तो पराक्रम वाजवतो आणि त्यात घरचे सामील होतात. जोडी जुळते ती ह्यावर आणि टिकते तीही ह्यावर.

म्हणजे पोस्टमनशी फौजदारांचं वैर मुळीच नाही. पोस्टमन हे निमित्त. खरा कार्यक्रम घरी आहे, भांडण फक्त त्याची सामग्री. आज मुद्दाम तिघी माद्यांना खुराड्यात कोंडून फौजदारांना एकट्याला बाहेर ठेवलं. गडी समोरून दोन फेऱ्या मारून आला. फौजदारांनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं, एकदा नरमपणे काहीतरी म्हणाले आणि चरू लागले. माद्या सोडल्या आणि गड्याला विडी पेटवायलाही वेळ मिळाला नाही.

ह्यांना हे सगळं समजावून सांगितलं. म्हणाले, "मग आमच्या ग्रामसभेला हे सगळं कोण शिकवतं?"

१५ नोव्हेंबर

भाऊबीज. दीर-जाऊबाई मुंबईहून आले, येताना कॅमेरा घेऊन आले. दिरांची गाडी नवी, काळी, दारात तोंड दिसावं अशी चकचकीत.

फौजदारांना त्या दारात दुसरा फौजदार दिसला.

आजवरचे सगळे शत्रू जाणारे होते. हा जाईना. फौजदार पुढे गेले की तो पुढे येई, मान खाली केली की तोही खाली करी. दोघांनी एकमेकांना दम दिला, चोची आपटल्या. फौजदार चिडून माद्यांकडे परत आले, पण जल्लोष कशाचा करणार? तिघी नुसत्या उभ्या. पुन्हा गेले. जेवणं होईपर्यंत हेच. शेवटी जाऊबाईंनी गाडीवर सतरंजी टाकली. सतरंजीखालून शत्रू दिसेनासा झाला म्हणताच असा कल्ला उठला की पलीकडच्या आळीतून विचारणा आली. दारावर चोचीचे बारीक ओरखडे पडलेत. दिरांनी ते बोटाने चाचपून बघितले, पण सणाचा दिवस असल्यामुळे ते काही बोलले नाहीत. जाऊबाई नंतर म्हणाल्या, "ताई, ह्यांना घरी असा आरसा हवाय."

कॅमेरा माडाला बसवला.

२६ नोव्हेंबर

तण: उत्तम. पाटाकडेचं गवत चौघांनी कातरून ठेवलंय, गड्याचा तिकडचा रोज वाचला. लाल माठाचा वाफाही कातरून ठेवलाय.

वानर: निष्फळ. ते माडावर बसतात आणि कोवळे नारळ पिळून खाली टाकतात. फौजदार बुंध्याशी उभे राहून वर बघत ओरडतात. वानर वरून खाली बघतात. मग फौजदार पाठ फिरवून माद्यांकडे जातात आणि जल्लोष करतात. निकालाची वाट न बघता तो करता येतो, हे त्यांनी हेरलंय.

१४ डिसेंबर

रात्रीच्या राखणीत एक पेच आहेच. बिबट्या, कोल्हे असल्यामुळे दिवेलागणीला राखणदारांनाच कुलपात घालावं लागतं. चिऱ्याचं खुराडं, वर पत्रा, पुढे जाळीचं दार. पण कान बाहेरच असतात. झावळी पडली की बोंब, साळिंदर गडग्याकडेने, म्हणजे दगडी कुंपणाकडेने, गेलं की बोंब, ह्यांनी रात्री मागचं दार उघडलं की बोंब. पहिले काही दिवस आम्ही बॅटरी घेऊन उठत होतो. आता कुशीवर वळतो.

परवाची बोंब मात्र निराळी होती. थांबेचना. पाखाडीवर, म्हणजे वाडीतल्या दगडी वाटेवर, कुणाच्या तरी चपला घाईने वाजल्या. सकाळी गडग्याला टेकवलेलं पोतं मिळालं, अर्धं भरलेलं, नारळ आमचेच. पोतं चांगलं होतं, ठेवून घेतलं. कॅमेऱ्यात काय आलंय ते बघितलं: रात्रभर एक कोळी भिंगासमोर जाळं विणत होता.

हे पराक्रम हंसांना नवे नाहीत. ख्रिस्तपूर्व ३९० च्या सुमारास गॉल लोक रोमच्या कॅपिटोल टेकडीवर रात्री चढत होते. कुत्रे गप्प राहिले. जूनो देवीच्या देवळातल्या हंसांनी ओरडून मार्कस मॅनलियस ह्या रोमन सरदाराला जागं केलं आणि टेकडी वाचली, असं रोमन इतिहासकार सांगतात. पुढे रोमन लोक दर वर्षी मिरवणूक काढत. तीत हंसाला गाद्यागिरद्यांवर पालखीत बसवत आणि कुत्र्याला सुळावर देत. हंस तिथेही आणि आमच्या आगरातही तेच करत होता, पाहुणा आला म्हणून ओरडत होता. त्या रात्री पाहुण्यांच्या हातात तलवारी होत्या एवढंच.

स्कॉटलंडात डंबार्टनला बॅलंटाइन्स व्हिस्कीच्या गोदामांवर १९५९ पासून हंसांचा पहारा होता, थेट २०१२ पर्यंत. मग त्यांच्या जागी कॅमेरे आले. हा शेवटचा भाग दिरांना सांगितलेला नाही.

२ जानेवारी २०२४

मोठी अंडी घालू लागली. जागा निवडली ती विहिरीच्या वाटेवरची, पोफळीच्या वाळल्या झापांखाली. घरात पाणी आणायची वाट बदलली.

१६ जानेवारी

मोठी बसली. सात अंडी, पोटाची पिसं उपटून त्यांच्यावर पांघरलेली. महिनाभर ती बसणार. नर अंड्यांवर बसत नाही. त्याचं काम भोवतीच्या पृथ्वीवर संशय घेणं.

लोरेन्झ आणि त्याच्याबरोबरच नोबेल मिळवणारा टिनबर्गन ह्यांनी १९३८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. घरट्याबाहेर अंडं ठेवलं की हंसी मान लांब करते, चोच अंड्याच्या पलीकडे टेकवते आणि हळूहळू त्याला आत ओढते. गंमत अशी की, मध्येच अंडं काढून घेतलं तरी मानेची हालचाल अर्ध्यावर थांबत नाही. नसलेलं अंडं ती घरट्यापर्यंत आणून पोचवते. शाळेत हे मी फळ्यावर शिकवलं. मुलं विचारत, "बाई, तुम्ही बघितलंय?" तेव्हा बघितलं नव्हतं.

साहित्य: एक बेलफळ, एक लांब बांबू, एक उघडी छत्री. छत्री फौजदारांसाठी. आपण एकदम मोठे दिसलो की ते क्षणभर थबकतात. पाठ दाखवायची नाही, पळायचं नाही, छत्री पुढे करून बाजूबाजूने सरकायचं. गड्याने छत्री धरली, मी बांबूने बेलफळ घरट्याच्या कडेला ढकललं.

मोठीने फळाकडे बघितलं. मान पुढे आली, चोच पलीकडे गेली, आणि बेलफळ डुगडुगत घरट्यात दाखल झालं. तिने सगळं नीट जुळवून घेतलं, पिसं सारखी केली आणि बसली. मी तिथेच टाळ्या वाजवल्या. टाळ्यांनी छत्री हलली, छत्रीच्या खालून फौजदार आत आले, आणि गड्याने छत्री आणि मला दोघांना जागेवर सोडून विहिरीचा कठडा गाठला. लुगडं जाड होतं.

बेलफळ अजून आतच आहे. काढायला कोण जाणार?

३ फेब्रुवारी

फौजदारांचा शेजारधर्म संपला. रोज भात-कोंडा घालणाऱ्या गड्यालाही ओळख नाही. गावचा एक कुत्रा गडग्यावरून आत वाकून गेला, त्याने नंतर पाखाडीच बदलली. हे आंघोळीचं पाणी तापवायला मागे जातात ते सुपाची ढाल करून.

एक निरीक्षण: गाईजवळ मात्र फौजदार जात नाहीत. गाय शेपटी हलवते आणि त्यांच्याकडे बघतही नाही. न घाबरणारा आणि न जाणारा प्राणी त्यांच्या हिशेबात बसत नाही. म्हणून गाय अस्तित्वातच नाही असं त्यांनी ठरवलंय. दोघंही सुखी दिसतात.

१५ फेब्रुवारी

पाच पिल्लं. पिवळी-करडी, ओली होती ती दुपारपर्यंत फुगली. दोन अंडी वाया गेली. बेलफळ अर्थात उबलं नाही, पण मोठीने घरटं सोडताना त्याच्याकडे दोनदा वळून बघितलं.

अंगणात आज मिरवणूक होती. पुढे मोठी, मध्ये पिल्लं, मागे मधली-धाकटी, आणि सगळ्यांच्या बाजूने मान वर करून फौजदार. अंडी उबवायला ते बसले नव्हते. पण आजचा जल्लोष त्यांच्याच तोंडून पहिला निघाला, आणि पाच पिल्लांनी शिट्ट्यांसारख्या आवाजात त्यात भाग घेतला. एका दिवसाच्या वयात! आगरात शत्रू कोणी नव्हता. एक फुलपाखरू होतं.

१९ मार्च

शिमगा जवळ आला. संध्याकाळी खेळे, म्हणजे शिमग्यात घरोघर सोंगं नाचवणारी मंडळी, आले.

ढोल पाखाडीवर वाजायला लागला तेव्हाच गड्याला म्हटलं, फौजदारांना आत घाल. तो म्हणाला, "आधी खेळे बघू दे बाई, त्यांनी कधी बघितलंत?" राधा नाचत खळ्यात आली. तिच्या मागून संकासूर. काळा पायघोळ, डोक्यावर उंच निमुळती टोपी, काळ्या मुखवट्याला लोंबती पांढरी दाढी, कमरेला घुंगरं, हातात दोराचा फटका. वाडीतली पोरं नेहमीप्रमाणे किंचाळत आयांच्या मागे लपली. ह्या संकासुराला मी लहानपणी घाबरून पडवीच्या माळ्यावर चढले होते. तो कुणाच्याही अंगावर धावून जातो, तेच त्याचं काम. त्याच्या अंगावर कुणी धावून येत नाही.

फौजदार विहिरीकडून आले. मान खाली, चोच उघडी.

संकासुराने आधी त्यांना खेळातलंच समजून फटका हवेत फिरवला, घुंगरं वाजवली. घुंगरं ही चूक झाली. फौजदारांनी पायघोळाचं टोक धरलं आणि पीळ दिला. संकासूर गरगर फिरला, फौजदार त्याच्याबरोबर अधांतरी फिरले, पण सोडलं नाही. ढोलवाल्याला वाटलं रंग चढलाय, त्याने लय वाढवली. पोरं आयांच्या मागून बाहेर आली. टोपी पडली, दाढी एका कानावर आली, आणि दाढीखालून आमच्याच वायरमनचा आवाज आला, "बाई, हा परत तोच!"

एवढं हसणं आमच्या खळ्यात ह्यांच्या आईच्या पंचाहत्तरीनंतर झालं नव्हतं. वायरमनला पडवीत बसवून हळद लावली, चहा दिला, पोस्ताचे, म्हणजे शिमग्याच्या बक्षिशीचे, पैसे दुप्पट दिले. बाहेर जल्लोष चालूच होता. ढोल थांबला तरी थांबला नाही.

२७ मार्च

पालखी घरी येऊन गेली. मानकऱ्यांनी आदल्या रात्रीच निरोप पाठवला होता: देव येतोय, फौजदाराला आत घाला. आत घातला. तरी पालखी नाचवताना खुराड्यातून साथ होतीच. गुरव म्हणाले, "चालायचंच, त्याचंही काही गाऱ्हाणं असेल."

६ एप्रिल

हिशेब. सुपारीचं वाळवण पूर्ण उतरलं, घट धरण्यासारखी नाही. पडलेले नारळ बहुतेक घरी येतात. वानरांचे सोडून. टपाल आता बेड्यावर टांगलेल्या डब्यात पडतं. कॅमेरा काढून शेणखताच्या खड्ड्यावर लावला, तिथे रात्री काय येतं ते ह्यांना बघायचंय.

सकाळी वायरमन आला. बेड्याबाहेरूनच हाक मारली. मला वाटलं, पोटरीच्या औषधाचे पैसे मागतोय. म्हणाला, "बाई, पिल्लांतली एक जोडी मला द्या. आमच्याकडेपण नारळ जातात." मी म्हटलं, "अरे, नर कुठला नि मादी कुठली ते नीट कळायला कपाळाची गाठ वाढावी लागते, आवाज फुटावा लागतो. पावसाळा जाऊ दे." तर म्हणतो, "नको, आत्ताच सांगून ठेवा. आणि नर ह्याच्यावर गेलेलाच द्या."

दर ठरला. आगाऊ म्हणून त्याने खांबावरची सैल वायर बांधून दिली. तेवढा वेळ मी छत्री धरली.

पुढची कामं: खुराडं दक्षिणेकडे वाढवणे, चिरे सांगणे. लाल माठाला जाळी. मधली परवापासून झापांखाली जाऊन बसतेय, तिकडे कोणी जाऊ नये.